गावी एकटे राहणाऱ्या वडिलांसाठी अंगावरचा वायरलेस सेन्सर देवगडला चालेल का?

चालेल, पण फोनचं गणित आधी बघा. छातीवर चिकटवायचा ईसीजी पॅच, म्हणजे हृदयाचे ठोके नोंदवणारी पट्टी, स्वतः तुमच्यापर्यंत मुंबईला काही पाठवत नाही. तो ब्लूटूथने जवळच्या मोबाइलला माहिती देतो, पुढचं काम मोबाइलचं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि या लहरी शरीरातलं पाणी बऱ्याच शोषून घेतं. त्यात चिऱ्याच्या जाड भिंती! फोन माजघरात ठेवून वडील कलमांच्या बागेत गेले की जोडणी तुटलीच. फोन खिशातच हवा.

पावसाळ्यात वीज जाते, मागोमाग रेंजही जाते. म्हणून माहिती साठवून नंतर पाठवणारंच उपकरण घ्या. वैशाखात घामाने पॅच सुटतो. त्वचा नीट कोरडी करून लावा.

ठोके बिघडल्याचा इशारा फक्त तुमच्या मुंबईतल्या फोनवर येऊन भागणार नाही, वाडीतल्या कुणा धावून येणाऱ्याचा नंबरही त्यात घाला. आणि हे कृपा करून वडिलांनाही सांगा: पॅच ठोक्यांची अनियमितता पकडतो, पण हार्ट अटॅक नाही याची खात्री तो देऊ शकत नाही. छातीत दुखलं तर आकडे बघत बसू नका, थेट १०८ लावा.