शेततळ्याच्या पाण्यात वेटोळ्याचे तंतू दिसले. ॲनाबीना लिहायचे की डोलिकोस्पर्मम?

ॲनाबीना आणि डोलिकोस्पर्मम या निळ्या-हिरव्या शैवालाच्या (सायनोबॅक्टेरियांच्या) दोन प्रजाती. तुम्ही कळवलेले वर्णन असे: पाण्यावर हिरवा तवंग, मण्यांच्या माळेसारखे वेटोळे, मधेच एखादी फिकट, जाड भिंतीची पेशी म्हणजे हवेतला नायट्रोजन पकडणारा हेटरोसिस्ट. या वर्णनावरून डोलिकोस्पर्ममच वाटते. तुम्ही देसिकाचारींचे १९५९ चे 'सायनोफायटा' हे ओळखीचे पुस्तक वापरता आहात, म्हणून ॲनाबीना निघते. वाकलिन, हॉफमन आणि कोमारेक यांनी २००९ मध्ये ॲनाबीनातल्या तरंगणाऱ्या, पेशीत वायुपुटिका (हवेने भरलेल्या बारीक पोकळ्या) असलेल्या जाती डोलिकोस्पर्मम या नावाखाली वेगळ्या काढल्या. मातीत, तळाशी, पाणवनस्पतींवर वाढणाऱ्या बिनपुटिकांच्या जाती ॲनाबीनातच राहिल्या.

तेव्हा आधी वायुपुटिका बघा, त्याही ताज्या नमुन्यात. लुगॉल (नमुना टिकवायचे आयोडीनचे द्रावण) टाकले की सगळेच तपकिरी होते. ४०० पटीला पेशीत काळपट-लालसर, वेडेवाकडे ठिपके दिसतील. ते पुटिकांचे की साठ्याच्या कणांचे, हे असे ठरवा: २ मिलीच्या सिरिंजमध्ये, सुई न लावता, नमुना घ्या, हवेचा बुडबुडाही ठेवू नका, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या जोरात दाबा. पुन्हा स्लाइड बघा. पुटिका दाबाने कोसळतात, ठिपके नाहीसे होतात. कण तसेच राहतात. बुडबुडा राहिला तर दाब पोचत नाही आणि चाचणी फसते.

घोटाळा होतो तो शेजाऱ्यांशी. हेटरोसिस्ट तंतूच्या टोकाला, थेंबाच्या आकाराचा असेल तर रॅफिडिऑप्सिस. तंतू गवताच्या पेंढीसारखे जुळलेले, टोकाच्या पेशी लांबट आणि रंगहीन, तर ॲफॅनिझोमेनॉन. गोल ॲकिनेट (जाड भिंतीची सुप्त पेशी) हेटरोसिस्टला चिकटून असेल तर स्फेरोस्पर्मॉप्सिस. नुसत्या १६एस या जिवाणू ओळखायला वापरतात त्या जनुकावर विसंबू नका. त्या वंशवृक्षात ॲफॅनिझोमेनॉन आणि डोलिकोस्पर्मम एकमेकांत मिसळलेले आहेत.

जात ठरवायला पूर्ण वाढलेला ॲकिनेट हवाच: लांबी, रुंदी, हेटरोसिस्टपासूनचे अंतर. शिवाय वेटोळ्याची रुंदी. निदान २०-३० मोजमापे घ्या. ॲकिनेट बहुधा बहर ओसरताना येतात, म्हणून आठवड्याने पुन्हा नमुना घ्या. खतामुळे पाण्यात नायट्रेट-अमोनिया भरपूर असेल तर हेटरोसिस्टही क्वचित दिसतात. तोवर 'डोलिकोस्पर्मम एसपी.' (म्हणजे जात ठरलेली नाही) एवढेच लिहा. ओढूनताणून जात लावू नका. जातीच्या नावाचे शेपूटही बदलते: ॲनाबीना सर्सिनॅलिसचे डोलिकोस्पर्मम सर्सिनाले होते.

विष आहे का, हे नावावरून कळत नाही. त्यासाठी पाण्याची वेगळी चाचणी लागते. ती होईपर्यंत तवंगाचे पाणी गुरांना पाजू देऊ नका.