वडिलांना एसएसईपी, व्हीईपी आणि एमईपी करायला सांगितलंय. डोक्याला करंट देतात का? करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ५८ वर्षांचे, यावल तालुक्यात केळीची शेती. रात्रीची लाइट असली की मोटर चालू करायला जातात तेव्हा बांधावर तोल जातो, पाय कुठे पडतो ते कळत नाही. दिवसा बरे चालतात. मानेच्या एमआरआयमध्ये मोठं काही निघालं नाही, तरी डॉक्टरांनी या तीन तपासण्या लिहून दिल्या आणि घरचे म्हणतात, डोक्याला करंट देतात, नको.

माझं मत: करून घ्या. मी जळगावात नसांच्या तपासण्या करणारा तंत्रज्ञ आहे, आणि खाटेवर झोपण्याआधी ‘भाऊ, डोकाले करंट लागी का?’ हा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो. एसएसईपी म्हणजे हातापायाच्या जाणिवेचा सिग्नल मेंदूपर्यंत कसा पोचतो ते मोजणारी तपासणी. तिच्यात करंट लागतो तो मनगटाला आणि घोट्याला. डोक्यावर नुसत्या बारीक वायरी चिकटवतात. त्या काही देत नाहीत, आतून येणारा सिग्नल फक्त टिपतात. मानसिक आजारात भूल देऊन जो शॉक देतात, त्याच्याशी या तपासणीचा काही संबंध नाही.

तुम्ही रात्र आणि दिवस असा फरक लिहिलात, ते फार महत्त्वाचं आहे. पाय कुठे आहे ही जाणीव मणक्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूपर्यंत जाते. तिथे बिघाड झाला की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो आणि अंधारात तो भरवसा जातो. तोंड धुताना डोळे मिटल्यावर ते हेलपाटतात का, हे विचारा आणि डॉक्टरांना सांगा. एसएसईपी नेमका हाच मार्ग तपासते. एमआरआयमध्ये रचना दिसते, पण त्या रचनेतून सिग्नल वेळेत जातो का, ते दिसत नाही. त्यामुळे एमआरआय ठीक आला म्हणून ‘वयाचं आहे, मनाचं आहे’ असं म्हणून कोणी त्यांना घरी बसवू नये, असं मला कळकळीने वाटतं.

प्रत्यक्षात काय होतं? आतल्या घोट्यामागच्या नसेला एका सेकंदात तीन-चार बारीक हिसके बसतात. एकेक हिसका ०.२ मिलिसेकंदाचा. पायाचा अंगठा किंचित हलेल एवढाच जोर ठेवतात. चावल्यासारखं, टोचल्यासारखं वाटतं, थोड्या वेळाने सवय होते. तो सिग्नल साधारण ३७ ते ४० मिलिसेकंदांत डोक्यावर पोचतो. उंच माणसाला जरा जास्त वेळ लागतो, म्हणून उंची मोजतात. हाताच्या नसेचा सिग्नल २० मिलिसेकंदांच्या आसपास.

अडचण अशी की हा सिग्नल एखाद-दोन मायक्रोव्होल्टचा, कधी त्याहूनही लहान, आणि मेंदूची स्वतःची हालचाल त्याच्या दहा-वीस पट मोठी. एका हिसक्यात काहीच दिसत नाही. लंडनला जॉर्ज डॉसन यांनी १९४७ मध्ये अनेक नोंदी एकाच फोटोवर एकावर एक घेऊन हा सिग्नल दाखवला, आणि पुढे सरासरी काढणारं यंत्र बनवलं. आजचं मशीन तेच करतं. प्रत्येक हिसक्यानंतरची नोंद ते मागच्या नोंदींत मिळवतं. सिग्नल दर वेळी त्याच ठिकाणी येतो म्हणून टिकतो, गोंगाट इकडे-तिकडे असतो म्हणून विरतो. ४०० नोंदींची सरासरी घेतली की गोंगाट २० पट कमी होतो. रुग्णाने दात आवळले, मान ताठ धरली की स्नायूंचा गोंगाट एवढा वाढतो की सगळी मेहनत वाया जाते. तंत्रज्ञ सारखं ‘जबडा सैल सोडा’ म्हणतो ते याचसाठी. डुलकी लागली तरी चालेल. प्रत्येक बाजूची तपासणी किमान दोनदा करून दोन्ही रेषा एकमेकींवर बसतात का ते पाहतात. त्या बसत नसतील, तर त्या रिपोर्टवर माझा विश्वास नाही.

आणखी एक गोष्ट बुकिंग करतानाच विचारून घ्या: गुडघ्यामागे आणि कमरेवरही नोंद घेणार का? नुसता डोक्यावरचा आकडा उशिरा आला, तर दोष पायाच्या नसेत आहे की मज्जारज्जूत, ते सांगता येत नाही. भुसावळहून निघालेली गाडी मुंबईला उशिरा पोचली, तर उशीर कुठे झाला हे मधल्या स्टेशनांच्या वेळा पाहूनच कळतं, तसंच हे. वडिलांना साखर असेल तर हे फारच गरजेचं. साखरेने पायाच्या नसा खराब झालेल्या असू शकतात. अशा वेळी सोबत साधी नर्व्ह कंडक्शनही, म्हणजे हातापायाच्या नसांचा वेग मोजणारी तपासणी, करून घ्यावी.

व्हीईपी म्हणजे डोळ्यापासून मेंदूपर्यंतच्या मार्गाची तपासणी. तिला करंट नाहीच. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन जागा बदलत राहतात, एकेक डोळा झाकून मधल्या खुणेकडे बघायचं. डोक्याच्या मागच्या बाजूला १०० मिलिसेकंदांच्या आसपास लाट येते. चष्मा नक्की न्या. मोतीबिंदू असेल तर आधी सांगा. नजरेची तक्रार नसताना ही का, असं वाटेल; पण बी१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत किंवा मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) डोळ्याची नस गुपचूप मंदावलेली सापडते.

एमईपी म्हणजे उलटा प्रवास, मेंदूकडून स्नायूकडे. १९८० मध्ये मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्याच्या त्वचेवरून विजेने हे करून दाखवलं, पण ते दुखायचं. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी चुंबकाने केलं आणि तो त्रास गेला. डोक्याजवळ एक कॉइल धरतात, ‘टक’ असा मोठा आवाज होतो आणि हात किंवा पाय आपोआप उडतो. घरच्यांची भीती निदान या तपासणीपुरती समजण्यासारखी आहे, पण जागेपणी, भुलीशिवाय होते ती. डोक्यात धातूची क्लिप, कानातलं इम्प्लांट, पेसमेकर किंवा कधी फिट आलेली असेल तर आधीच सांगायचं. आमच्याकडे ही सोय नाही. आम्ही नाशिक-मुंबईला पाठवतो. वडिलांच्या पायात ताकद नीट असेल, तर आधी इथल्या दोन तपासण्या करू आणि एमईपी नंतर ठरवू का, असं डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

त्याहून आधी रक्तातलं बी१२ तपासा. शाकाहारी घर, वर्षानुवर्षं चालू असलेली साखरेची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी, यांत ते कमी होतं आणि हाच मागचा मार्ग बिघडतो. लवकर सापडलं तर सुधारणा होते. रक्त देण्याआधी ताकदीचं इंजेक्शन घेऊ नका, आकडा फसवा येतो. आणि नुसती फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करू नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतून चालूच राहतं.

तपासणीच्या दिवशी डोकं शाम्पूने धुवून, तेल न लावता आणा. तेलावर वायर धरत नाही. पोटभर जेवून, नेहमीची औषधं घेऊन, सैल पायजमा घालून यावं. एमआरआयची फाइल सोबत ठेवा. थंडीत मोटारसायकलवर आलात तर पाय गरम होईपर्यंत थांबायला सांगतील. गार नस हळू चालते आणि रिपोर्ट उगाच बिघडलेला येतो.

आणि पुढच्या काही दिवसांत पायाची ताकद झपाट्याने कमी झाली, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.