‘माझ्यात काही दोष नाही’ म्हणणाऱ्या पतीला कसे सांगावे?

प्रश्न : मी २९ वर्षांची असून तासगाव तालुक्यात राहते. लग्नाला चार वर्षे झाली, पण मूल नाही. पाळी नियमित आहे. माझी सोनोग्राफी, थायरॉइडची तपासणी आणि गर्भनलिकांचा एक्स-रे झाला. सारे ठीक निघाले. आमची द्राक्षबाग आहे, पती स्वतः फवारणी करतात आणि तंबाखूही खातात. त्यांच्या तपासणीचा विषय काढला की ‘माझ्यात काही दोष नाही’ म्हणून उठून जातात. सासूबाई मला सारख्या नव्या वैद्याकडे नेतात. मी काय करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात तुमच्या तीन तपासण्या आहेत आणि पतीची एकही नाही, घोडे नेमके इथेच पेंड खाते आहे. वर्षभर नियमित संबंध असूनही गर्भ राहिला नाही, तर दोघांनीही तपासून घ्यावे, असे डॉक्टर सांगतात. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, सापडते. असे असताना वीर्यतपासणी, जिच्यात सुईसुद्धा टोचावी लागत नाही, ती सर्वांत शेवटी व्हावी, ही रीत मला तरी अनाकलनीय वाटते.

बीज वेळेवर न सुटणे, थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिनची (दूध येण्याशी संबंधित हार्मोनची) गडबड, गर्भनलिका बंद असणे, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणे) ही स्त्रियांमधील नेहमीची कारणे होत. तुमचे अहवाल पाहता यांतील काही शक्यता मागे पडतात. मात्र पाळीत असह्य दुखत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत दर वेळी दिसतेच असे नाही.

पुरुषांमध्ये अंडकोषाभोवतीच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, हे वारंवार आढळणारे आणि बहुधा उपचार करता येण्याजोगे कारण आहे. वयात आल्यानंतर झालेले गालगुंड, वीर्यवाहिनीतील अडथळा, हार्मोनची कमतरता आणि मधुमेह यांचाही परिणाम होतो. तंबाखू आणि कीटकनाशकांशी सततचा संपर्क यांचा शुक्राणू घटण्याशी संबंध आढळला आहे. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर मास्क आणि हातमोजे न घालता केलेल्या फवारण्यांचा परिणाम असलाच, तर तो डिसेंबर-जानेवारीच्या अहवालात दिसू शकतो. फवारणी थांबवा असे मी म्हणणार नाही, बाग तुमचे पोट आहे. पण मास्क व हातमोजे वापरणे, काम संपताच अंघोळ करणे आणि ते कपडे वेगळे धुणे एवढे तरी व्हावे. तंबाखू मात्र सुटलीच पाहिजे.

पतीशी हा विषय सासूबाईंसमोर किंवा भांडणाच्या भरात काढू नका. त्यांना भीती वाटते ती पौरुषाच्या प्रश्नाची. तेव्हा संबंध सुरळीत असूनही शुक्राणू कमी असू शकतात, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे शांतपणे सांगा. बागेचे देठ परीक्षण, म्हणजे पानांच्या देठांची प्रयोगशाळेतली तपासणी, करताना कोणी बागेला नावे ठेवत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरीही ऐकले नाही, तर पुढच्या भेटीला त्यांना सोबत न्या आणि ‘तपासणी दोघांचीच करू’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या.

तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस संबंध टाळावे लागतात. घरी घेतलेला नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो, म्हणून तो सांगली-मिरजेतील प्रयोगशाळेतच देणे सोयीचे. पहिला अहवाल कमी आला तरी खचू नका. तापानेही आकडे काही काळ उतरतात, त्यामुळे सहसा दुसऱ्यांदा तपासणी करूनच निदान ठरते. तो अहवाल हाती येण्याआधी कोणी टेस्ट ट्यूब बेबी सुचवली, तर होकार देऊ नका. पुढे तशी वेळ आलीच, तर ते केंद्र अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत आहे का, हे विचारून घ्या. वैद्यांकडून आणलेल्या पुड्यांत काय आहे हे कोणालाच माहीत नसेल, तर त्या तूर्त बंद ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. सासूबाईंनाही सोबत येऊ द्या, त्यांचेही प्रश्न तिथेच विचारून होतील.