वाचकांचे प्रश्न : अम्मा म्हणते, ‘मला काय झालंय?’

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुण्यात नोकरीला, अम्मा सोलापुरात पूर्व भागात एकटीच असते, वय 72. नाना (वडील) जाऊन 2 वर्षं झाली. नाना लूमवर (यंत्रमागावर) होते आणि अम्मानं आयुष्यभर विड्या वळल्या. तिला बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मी महिन्यातून एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं येतो, फोन रोज करतो आणि फोनवर ती एकदम ठणठणीत असते. पण मागच्या वेळी तिनं बांधून दिलेली शेंगाचटणी इतकी खारट होती की तोंडात घालवेना, कपाटात मागच्या महिन्याच्या गोळ्या तशाच, आणि एक पातेलं जळून काळंठिक्कर झालेलं, ते तिनं पलंगाखाली लपवून ठेवलेलं. विचारलं तर चिडली, म्हणे मला काय झालंय, बाई ठेवायला मी काय अंथरुणाला खिळलेय का. बहीण म्हणते वय झालं की होतंच असं. घरी मदतीला माणूस लावायची वेळ आली हे नेमकं कशावरून ओळखायचं?
— पूर्व भागातला मुलगा, सध्या पुणे

उत्तर : दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला खारट चटणीपेक्षा ते लपवलेलं पातेलं जास्त लागलं बघा. पातेलं कुणाचंही जळतं, माझंही जळतं, पण ते लपवावंसं वाटलं म्हणजे आपलं काहीतरी चुकायला लागलंय हे अम्मांना कळतंय आणि त्यांना भीती वाटतेय. त्या तुमच्यावर चिडल्या नाहीत, घाबरल्यात. आधी हे लक्षात घ्या, मग पुढचं बोलू.

मी 30 वर्षं वॉर्डात काढली, आता घरोघरी जाऊन पेशंट बघते. बहुतेक घरांतून मला बोलावणं येतं ते माणूस पडल्यावर, खुब्याचं हाड मोडल्यावर. आणि मग बसून विचारलं की घरचेच सांगतात, हो ओ, 6 महिन्यांपासून भिंत धरून चालायचे. तेव्हा पडायची वाट बघायची नाही. आणि फोनवर जाऊ नका, फोनवर 5 मिनिटं कुणालाही ठणठणीत राहता येतं. या वेळी आलात की एका दुपारीत परत जाऊ नका, 2 रात्री राहा आणि काही न विचारता नुसतं बघा.

काय बघायचं ते सांगते. खोलीतून मोरीकडे जाताना भिंतीवर हाताच्या उंचीला तेलकट डाग पडलेत का? मोरीतला नळ किंवा टॉवेलचा दांडा हलायला लागलाय का? तो धरून उठत असतील तर हलणारच. अंघोळ रोज होते का, की घसरायच्या भीतीनं नुसतं हातपाय धुणं चाललंय? रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद केलंय का, हे तर मी शेकडो बायकांत बघितलंय, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यानं लघवीचं इन्फेक्शन होतं, चक्कर येते, बडबड सुरू होते, मग घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. हातातल्या बांगड्या ढिल्या झाल्यात का बघा, वजनही करा. 60 किलोचं माणूस काही न करता 6 महिन्यांत 3 किलो उतरलं तर ते डॉक्टरला सांगायचंच.

आणि आपल्याकडचं खास म्हणजे पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, आलं की पिंप, घागरी सगळं भरून ठेवायचं असतं. ते कोण भरतंय सध्या? आधी अम्मा भरायच्या आणि आता शेजारची पोरगी भरून देत असेल आणि तुम्हाला कुणी सांगितलंच नसेल, तर तुमचं अर्धं उत्तर तिथंच मिळालं. शेजारणीला एकदा निवांत विचारा.

हातांकडेही बघा दादा. ज्या बाईनं दिवसाला हजार हजार विड्या वळल्या तिची बोटं किती चपळ असतील, आणि तीच बोटं आज स्ट्रिपमधली गोळी काढताना अडत असतील तर गोळ्या का राहिल्या याचं कारण विसरणं नसून बोटं आणि नजरही असू शकते. मोतीबिंदू तपासून घ्या. गोळ्या मोजा, कधी आणल्या, रोज किती, आज किती उरायला हव्या होत्या, किती उरल्यात. राहिल्यापेक्षा दोनदा घेतलेल्या जास्त वाईट, शुगरची गोळी घेऊन जेवण राहिलं की शुगर 70 च्या खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हातपाय थरथरतात, माणूस कोसळतो.

घरच्या घरी करता येते अशी एक चाचणी आहे. खुर्चीपासून 3 मीटरवर खडूनं रेघ मारा, अम्मांना नेहमीच्या चालीनं उठून रेघेपर्यंत जाऊन वळून परत येऊन बसायला सांगा, मोबाइलवर वेळ लावा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. तुम्ही शेजारी उभे राहा, एकटं करायला लावू नका.

वय झालं की होतंच असं, हे बहिणीचं म्हणणं मला पटत नाही. बाई शोधायच्या आधी डॉक्टरकडे न्या. बी-12 कमी, थायरॉइड, रक्तातलं सोडियम कमी होणं, लघवीचं इन्फेक्शन, आणि नाना गेल्यापासून मनात साठलेलं, यातल्या कशानंही विसरायला होतं आणि यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं. हळूहळू 6 महिन्यांत बदललं असेल तर ओपीडीत दाखवा, पण 2 दिवसांत माणूस एकदम वेगळं बोलायला लागलं, तोंड वाकडं झालं, एक हात गळाला तर 108 लावा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

आता माणूस कसलं लावायचं. सगळ्यांना नर्स लागत नाही. अम्मांना सध्या तरी सकाळी 2-3 तास येणारी समजूतदार मावशी पुरेल असं मला पत्रावरून वाटतं, पाणी भरेल, अंघोळीच्या वेळी बाहेर उभी राहील, समोर गोळी देईल, सोबत जेवेल. नर्स लागते ती नाकातली किंवा लघवीची नळी, जखमेचं ड्रेसिंग, ऑपरेशननंतरची देखभाल असल्या कामाला, आणि तेव्हा एएनएम (सहायक परिचारिका) की जीएनएम (पूर्ण नर्सिंगचा डिप्लोमा) ते विचारायचं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघायचं, लाजायचं नाही. मावशी असो की नर्स, पोलिस व्हेरिफिकेशन कराच, काम काय काय, सुट्टी कधी, पैसे किती हे कागदावर लिहून घ्या. 70 आणि त्यावरच्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार आहेत, अम्मांचं काढून ठेवा, पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर, घरी ठेवलेल्या मावशीचा पगार त्यातून निघत नाही. तो हिशोब तुम्ही आणि बहिणीनं मिळून आधीच करा.

अजून एक, पूर्व भागातली तुमच्यासारखी घरं तेलुगू, तेव्हा मावशी तेलुगू बोलणारी बघा. अम्मांना मराठी येतं मला माहितीये, पण म्हातारपणी दुखलं-खुपलं मायबोलीतच तोंडातून निघतं, आणि पूर्व भागात अशी बाई मिळणं काही अवघड नाही. तिला घरात आणताना तुला जमत नाही म्हणून ही आली असं चुकूनही म्हणू नका. पाण्याच्या दिवशी मला पुण्यात काळजी लागते, माझ्यासाठी तेवढी येऊ दे, असं म्हणा. ते खरंच आहे ना? आठवड्याला 2 दिवसांपासून सुरू करा. पातेल्याचा विषय काढू नका.

प्रश्न : ताई, सासऱ्यांना पॅरालिसिस होऊन 8 महिने झाले, उजवी बाजू गेलीय. सगळं मीच करते, उचलणं, पुसणं, भरवणं. माझी कंबर गेलीय, रात्रीची झोप नाही. मिस्टर म्हणतात घरचं माणूस असताना बाहेरचं कशाला, लोक काय म्हणतील. पाणी पिताना त्यांना ठसका पण लागतो हल्ली. मी कमी पडतेय का?
— एक सून, जुळे सोलापूर

उत्तर : नाही ओ ताई, अजिबात नाही. एका माणसानं 2 माणसांचं काम 8 महिने केलंय. मदत हवी की नको हे पेशंटवरून जसं कळतं तसं सांभाळणाऱ्यावरूनही कळतं, तुमची कंबर आणि तुमची झोप हीच खूण आहे. उद्या तुमचा मणका सरकला तर घरात पेशंट दोन होतील, हे मिस्टरांना माझं नाव घेऊन सांगा.

ठसका मात्र आजच मनावर घ्या. पॅरालिसिसनंतर गिळायला त्रास होतो, पाणी श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आडवं ठेवून काही पाजू नका, ताठ बसवून, हनुवटी जरा खाली, छोटे घोट, आणि या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. कमरेखाली माकडहाडाजवळ रोज बघा, लाल डाग दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे. दर 2 तासांनी कूस बदलायची आणि तीही ओढून नाही, खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन बाजूंनी उचलून, म्हणजे दुसरं माणूस लागणारच, रात्री मिस्टर उठू देत. आणि आपली सोलापुरी चादर पांघरायला कितीही चांगली असली तरी अशा पेशंटच्या अंगाखाली ती नको, जाड वीण कातडीला घासते, जुनं मऊ सुती धोतर घाला. फिजिओथेरपी बंद केली असेल तर परत सुरू करा, 8 महिन्यांनीही फरक पडतो. आणि सकाळच्या वेळी पुरुष अटेंडंट बघा, सासऱ्यांनाही सुनेकडून अंघोळ घालून घेताना किती अवघड होत असेल, ते बोलत नसतील एवढंच.

प्रश्न : शेजारचे काका एकटे आहेत, मुलं परदेशात. दार उशिरा उघडतात, कपडे मळलेले. आम्ही परके, काय करणार?
— होटगी रोड

उत्तर : तुम्ही रोज बघताय, मुलं बघत नाहीत. त्यामुळं मुलांचा नंबर घ्या आणि डोळ्यांनी दिसलं तेवढंच कळवा, दार किती वेळानं उघडलं, कपडे किती दिवस तेच. मुलांनी दाद दिली नाही तर 14567 ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत, सकाळी 8 ते रात्री 8 चालू असते. आणि घराची एक जादा किल्ली काका देत असतील तर घेऊन ठेवा, दार आतून लावलेलं असताना मोरीत पडलेल्या माणसाकडे पोचायला किती वेळ जातो ते मी बघितलंय.