कंपनीच्या फोनवरून 101 लावला तर?

प्रश्न : आमचं मुख्य ऑफिस पुण्यात, कारखाना कोल्हापूरला, गोदाम नाशिकला. तिन्हीकडचे फोन आता पुण्यातल्या एकाच एक्स्चेंजवर घेतलेत. बाहेर फोन लावायला आधी शून्य दाबावा लागतो. 101, 112 साठी वेगळं काही करावं लागतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : करावं लागतं, आणि ते याच आठवड्यात करून घ्या. आज कोल्हापूरच्या कामगाराने 101 लावला, तर फोन पुण्याच्या लाइनवरून बाहेर पडून पुण्याच्याच अग्निशमन दलाकडे वाजेल. म्हणून प्रत्येक ठिकाणी एक साधी लँडलाइन ठेवा. 100, 101, 108, 112 हे नंबर त्या-त्या ठिकाणच्याच लाइनवरून जातील असं प्रोग्रॅमिंग करून घ्या. शून्य दाबून किंवा न दाबता, दोन्ही प्रकारे फोन लागला पाहिजे. एसटीडी लॉक असलेल्या फोनवरूनसुद्धा.

अमेरिकेत डिसेंबर 2013 मध्ये टेक्सासमधल्या एका मोटेलात कॅरी हंट या बाईंवर हल्ला झाला. त्यांच्या 9 वर्षांच्या मुलीने चार वेळा 911, म्हणजे तिथला आपत्कालीन नंबर, लावला. आधी 9 दाबायचा असतो हे त्या लेकराला कुठून कळणार? आई गेली. पुढे 2018 मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला : आधी काही न दाबता 911 लागलाच पाहिजे.

आता तुमची एक्स्टेन्शनची, म्हणजे आतल्या फोनच्या नंबरांची, यादी काढा. मी 22 वर्षं एक्स्चेंज बसवतोय. एका कारखान्यात नंबर 101 पासून सुरू केलेले होते. शॉर्टसर्किट झालं तेव्हा रात्रपाळीच्या वॉचमनने 101 लावला, आणि रिसेप्शनच्या टेबलावरचा फोन वाजत राहिला. रात्री अडीचला तिथे कोण असणार? त्या दिवसापासून मी कुठेही 1 ने सुरू होणारं एक्स्टेन्शन देत नाही. 201 पासून सुरुवात.

आगीत मेन स्विच पाडला की तिथले एक्स्चेंजवरचे फोनही बंद पडू शकतात. त्यामुळे लँडलाइनचा एक फोन थेट वॉचमनच्या केबिनमध्ये जोडा. लाइन फायबरची असेल तर तिच्या मोडेमला यूपीएस हवाच.

शेवटी, स्थानिक अग्निशमन केंद्राला आधी कळवून प्रत्येक ठिकाणाहून एक चाचणी फोन करा. ‘कुठलं केंद्र बोलतंय?’ एवढंच विचारा. कारखान्यातून लावलेल्या फोनवर ‘कोल्हापूर’ ऐकू येईपर्यंत तंत्रज्ञाचं बिल चुकतं करू नका.