ढग आण्विक नव्हे, रेणवीय!

राजारामपुरीतल्या एका बीएस्सीच्या विद्यार्थिनीने विचारलंय, "तारे जन्मतात त्या जागांवरच्या लेखात ‘आण्विक ढगांचे रेडिओ उत्सर्जन’ असं वाचलं. ‘आण्विक’ बरोबर आहे का? आणि उत्सर्जन म्हणावं की प्रारण?"

उत्सर्जन चालेल. ‘आण्विक’ मात्र साफ चूक, आणि ती ऐकून ऐकून कान किटलेत. हिंदीतला परमाणू म्हणजे आपला अणू आणि हिंदीतला अणू म्हणजे आपला रेणू. हिंदी मजकूर समोर ठेवून घाईनं मराठी केलं की हा घोळ होतोच. हायड्रोजनच्या सुट्या अणूची लहर २१ सेंटीमीटरची. ती नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला टिपता येते. तारे घडतात ते गारठलेले ढग मात्र रेणूंचे. तिथला हायड्रोजनचा रेणू रेडिओत जवळपास मुका, म्हणून माग काढायचा तो गिरक्या घेणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूचा. त्याची २.६ मिलिमीटरची लहर विल्सन, जेफर्ट्स आणि पेन्झियस यांना १९७० साली मृगातल्या तेजोमेघाकडून मिळाली. इतकी आखूड लहर खोडदला पकडता येत नाही. शब्द चुकला तर दुर्बीणसुद्धा चुकते!

आता ‘रेणू’. संस्कृतात रेणू म्हणजे धूळ, मूळ धातू ‘री’, म्हणजे जाणे, वाहणे. काही शुद्धिवादी म्हणतात, धुळीचा शब्द इथे कशाला? त्यांनी जुन्या वैशेषिक दर्शनातला त्रसरेणू वाचलेलाच नाही. दोन परमाणूंचं द्व्यणुक, अशा तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू. म्हणजे जोडून झालेल्या कणाला रेणू म्हणण्याची रीत जुनीच आहे. मनुस्मृतीत त्याची ओळखही दिलीय: झरोक्यातून आलेल्या उन्हात दिसणारा बारीक रजःकण. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, तेव्हा त्या तिरप्या पट्ट्यात सोनेरी कण तरंगताना दिसतात. तेच त्रसरेणू.

माझं तर ठाम मत आहे की या अर्थाला याहून नेमका शब्द मिळणार नाही. कारण त्या ढगांत हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना भेटतात ते धुळीच्या कणावर. कण त्यांची जास्तीची ऊर्जा शोषून घेतो, म्हणून जोडी टिकते. धुळीवाचून रेणू नाही!

‘रेण्वीय’ लिहिणाऱ्यांचंही मला पटत नाही. मनूचा मानव, पशूचं पाशव, तसं रेणूचं रेणवीय.