अमेरिकेतल्या पायलटांच्या करारात रेट्रो पे ऐवजी सायनिंग बोनस दिला तर नुकसान होतं का?

तुमचा भाचा अमेरिकेत एका मोठ्या विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आहे. तीन वर्षं रखडलेला करार आता मतदानाला आलाय. त्यात मागच्या तारखेपासूनची पगारवाढ (रेट्रो पे) नाही, पण सही झाल्यावर एकरकमी पैसे (सायनिंग बोनस) आहेत. ही फसवणूक आहे का, असं तुम्ही विचारलंय. फसवणूक नाही. मात्र त्या रकमेचं नाव काय ठेवलंय याला फारसा अर्थ नसतो. ती कोणत्या सूत्राने काढलीय, कोणाला मिळणार आणि पेन्शनमध्ये धरणार का, हे पाहायचं.

आधी करार एवढे का रखडतात ते सांगतो. तिथे विमान कंपन्यांना १९२६ चा रेल्वे लेबर अ‍ॅक्ट लागू आहे (त्या १९३६ साली त्यात आल्या). या कायद्यात करार संपत नाही, फक्त ‘अमेंडेबल’, म्हणजे बदलायला खुला होतो आणि नवा होईपर्यंत जुनेच दर चालू राहतात. संपावर जायचं तर आधी नॅशनल मीडिएशन बोर्ड या सरकारी मध्यस्थ मंडळाने दोन्ही बाजूंना मध्यस्थीतून मोकळं करायला हवं, मग ३० दिवसांचा कूलिंग ऑफ, म्हणजे सक्तीचं थांबणं, आणि त्यानंतरही राष्ट्राध्यक्ष आपत्कालीन मंडळ नेमू शकतात. त्यामुळे कंपनीला घाई नसते. वाटाघाटी जितक्या लांबतील तितके महिने पगार जुन्या दराने. पूर्ण रेट्रो द्यावा लागणार असेल तर लांबवण्यातला हा फायदाच संपतो, म्हणून युनियन त्यासाठी एवढी अडून बसते. कायद्याने मात्र रेट्रोचा हक्क मिळत नाही. वाटाघाटीत पदरात पडेल तेवढाच.

आपल्याकडे सातवा वेतन आयोग राज्य कर्मचाऱ्यांना २०१९ मध्ये लागू झाला, पण १ जानेवारी २०१६ पासूनचा फरक थकबाकी म्हणून मिळाला. खरा रेट्रो हा असा: नवा दर, जुनी तारीख, तासातासाचा हिशेब. एअर कॅनडाच्या पायलटांना २०२४ च्या करारात २६ टक्के वाढ सप्टेंबर २०२३ पासून मिळाली, तोही याच जातीचा. सायनिंग बोनस म्हणजे मागच्या कामाशी थेट न जोडलेली रक्कम. ती सर्वांना सारखी असेल, हुद्द्यानुसार असेल किंवा युनियनला एक गठ्ठा देऊन ‘तुम्हीच वाटा’ असंही असेल.

अमेरिकेत प्रत्यक्षात येतं ते बहुधा या दोन्हींच्या मधलं. डेल्टा या विमान कंपनीचं उदाहरण घ्या. करार २०१९ च्या अखेरीस अमेंडेबल झाला, मध्ये कोविड आला, मंजुरी मिळाली १ मार्च २०२३ ला. सहीबरोबर दर १८ टक्क्यांनी वाढले. मागच्या वर्षांसाठी मात्र २०२० च्या कमाईच्या ४ टक्के, २०२१ च्या ४ टक्के आणि २०२२ च्या १४ टक्के. समजा एखाद्या फर्स्ट ऑफिसरची या तीन वर्षांची कमाई १ लाख २० हजार, १ लाख ३० हजार आणि १ लाख ५० हजार डॉलर होती. त्याला ४,८०० अधिक ५,२०० अधिक २१,०००, म्हणजे ३१ हजार डॉलर मिळाले असते. तिन्ही वर्षांना १८ टक्के लावले असते तर ७२ हजार. हा ४१ हजारांचा फरक बुडाला असं मी म्हणणार नाही, कारण कोविडमुळे विमानं वाळवंटात उभी होती त्या वर्षी १८ टक्के कोणीच दिले नसते. पण भाच्याने स्वतःचे असे दोन आकडे काढल्याशिवाय मत देऊ नये.

काढताना पगारपत्रकं घ्यावीत, डब्ल्यू-२ च्या (कंपनी देते त्या वार्षिक पगार-कर दाखल्याच्या) पहिल्या रकान्यावर विसंबू नये. त्यातून ४०१-के मध्ये, म्हणजे निवृत्तीच्या बचत खात्यात, स्वतः टाकलेली रक्कम आधीच वजा झालेली असते. करमुक्त पर डिएम (दौऱ्याचा भत्ता) सहसा धरत नाहीत. जादा दराच्या ट्रिप्स, आजारपणाचा पगार, ट्रेनिंगचे दिवस धरलेत का, ते मसुद्यातल्या ‘पात्र कमाई’च्या व्याख्येत पाहावं. कोविडमध्ये कंपनीच्या सांगण्यावरून कमी पगाराची ऐच्छिक रजा घेतलेल्यांना टक्केवारीचं सूत्र दुहेरी मारतं: तेव्हा कमाई कमी, आता तिच्यावरची टक्केवारीही कमी. सर्वांना सारखी रक्कम असेल तर हीच माणसं आणि नवे भरती झालेले फायद्यात, जुने कॅप्टन तोट्यात.

कराबद्दल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक गैरसमज कायम फिरतो, की बोनसवर जास्त कर लागतो. लागत नाही. आयआरएस, म्हणजे तिथलं कर खातं, रेट्रो आणि बोनस दोन्हींना पूरक वेतनच मानतं, आणि कर ज्या वर्षी पैसे हातात येतात त्या वर्षी लागतो. बहुतेक कंपन्या त्यावर केंद्रीय कर सरसकट २२ टक्के कापतात. भाच्याचा स्लॅब २४ किंवा ३२ टक्क्यांचा असेल तर उरलेला फरक पुढच्या एप्रिलमध्ये भरावा लागेल. तेवढे पैसे बाजूला ठेवावेत, सगळे घराच्या डाउन पेमेंटमध्ये घालू नयेत.

पेन्शनचा मुद्दा मात्र खरंच महागात पडू शकतो. मोठ्या कंपन्या पायलटच्या कमाईच्या साधारण १६ ते १८ टक्के रक्कम स्वतःहून ४०१-के मध्ये भरतात. एकरकमी रक्कम त्यासाठी पात्र धरली तर ३१ हजारांवर १६ टक्क्यांनी आणखी ४,९६० डॉलर. रेट्रो सहसा धरतात. बोनस धरायचा की नाही हे प्लॅनच्या दस्तऐवजावर ठरतं, आणि मसुद्याच्या सारांशात हे वाक्य गाळलेलं असू शकतं. नफावाटप असेल तर तिथेही हाच प्रश्न विचारावा.

कोणाला मिळणार, हे ‘सहीच्या दिवशी सीनियॉरिटी यादीत असलेले’ अशा अर्ध्या ओळीत ठरतं. मधल्या तीन वर्षांत ६५ पूर्ण होऊन निवृत्त झालेल्यांनी काम केलं, पण या ओळीमुळे ते बाहेर राहू शकतात. लष्करी रजेवरचे आणि दीर्घ आजारावरचे यांच्यासाठी वेगळं कलम आहे का, तेही बघावं. गठ्ठा वाटण्याचं काम युनियनकडे आलं की भांडणं कोर्टापर्यंत जातात. युनायटेड आणि कॉन्टिनेंटलच्या विलीनीकरणानंतरच्या २०१२ च्या करारात ४० कोटी डॉलरची एकरकमी रक्कम होती. वाटपात आपला हिस्सा कापला म्हणून युनायटेडच्या पायलट-प्रशिक्षकांनी युनियनवरच दावा लावला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला, पण २०१८ मध्ये अपील कोर्टाने पुन्हा उभा केला.

आता मताचं. कंपनीला एकरकमी पैसे आवडतात, कारण तो फटका एकाच तिमाहीत बसतो आणि विश्लेषक तो बाजूला काढून नफा मोजतात. डेल्टाने २०२३ च्या पहिल्या तिमाहीत असे ८६ कोटी ४० लाख डॉलर खर्ची टाकले. दरातली वाढ मात्र कायमची असते. वरच्या फर्स्ट ऑफिसरची नवी कमाई १ लाख ७७ हजार झाली, तर दरात आणखी १ टक्का म्हणजे वर्षाला १,७७०, त्यावर १६ टक्के पेन्शन धरून सुमारे २,०५० डॉलर. चार वर्षांत ८ हजारांवर, आणि पुढचा करार तीन वर्षं रखडला तर १४ हजारांवर. शिवाय पुढच्या वाढी त्याच्यावरच चढणार. १० हजारांच्या बोनससाठी टेबलावरचा १ टक्का सोडणं तिशीतल्या पायलटला परवडत नाही. ६३ वर्षांच्या कॅप्टनला तो बोनसच बरा, आणि मतदान दोघांचंही असतं. मसुदा पाडला तर पुढचा चांगलाच येईल याची खात्री नाही, पण युनायटेडच्या पायलटांनी २०२२ चा मसुदा ९४ टक्के मतांनी फेटाळला आणि २०२३ चा करार बराच मोठा मिळवला, हेही विसरू नये.

करार मंजूर झाला तर पैसे सहीनंतर किती दिवसांत द्यायचे ते मसुद्यात शोधून ठेवावं. उशिरावर व्याज सहसा नसतं. रक्कम जमा झाली की स्वतःच्या आकड्याशी ताडून पाहावी आणि तफावत असेल तर युनियनच्या प्रतिनिधीला लगेच लेखी कळवावं. तक्रारीची मुदत ठरलेली असते, आणि ती उलटली की बरोबर हिशेबही कामाला येत नाही.